प्रयोगाला आमची माणसे, संशोधकाच्या खुर्चीत कोण?

मराठवाड्यातील उस्मानाबाद जिल्ह्यात (२०२३ पासून धाराशिव) १९९९ साली एक फार मोठी वैद्यकीय चाचणी सुरू झाली, ही गोष्ट आमच्या किती वाचकांना ठाऊक आहे? जिल्ह्यातील ४९७ गावांचे ५२ गट पाडण्यात आले. त्यातील ३० ते ५९ वर्षे वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ निरोगी स्त्रिया निवडण्यात आल्या. एका गटातील स्त्रियांची गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी एचपीव्ही ही विषाणूची तपासणी झाली, दुसऱ्या गटाची पॅप तपासणी झाली, तिसऱ्या गटाची ॲसिटिक आम्ल, म्हणजे साध्या भाषेत व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी पाहण्याची तपासणी झाली आणि चौथ्या गटाची कसलीच तपासणी झाली नाही. कोणते गाव कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठी टाकावी तसे ठरले. बार्शीचे कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधील ल्यों येथील जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संस्था हे काम करीत होते. त्यानंतर आठ वर्षे या स्त्रियांवर लक्ष ठेवले गेले आणि २००९ साली निकाल जगापुढे आला. एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाने ३४ स्त्रिया गेल्या. तपासणी न झालेल्या गटात ६४ गेल्या. आयुष्यात फक्त एकदा केलेली तपासणी मृत्यू जवळपास निम्म्यावर आणते, हे उस्मानाबादच्या बायांनी जगाला दाखवून दिले.

आमच्या बायांनी, असे आम्ही म्हणतो तेव्हा काही शहाणे भुवया उंचावतील. त्यांना आम्ही एवढेच विचारतो, मराठवाड्यातले एक तरी गाव दाखवा ज्याला गावकुसाबाहेरची वस्ती नाही. त्या ६४ जणींमध्ये कोण कोण असेल हे सांगायला कोणत्याही आयोगाची गरज नाही. दुष्काळी गावातली, रोजंदारीवर जाणारी, अंगावरून पांढरे जात असले तरी लाजेने न बोलणारी, दवाखाना म्हणजे दिवसाची मजुरी बुडणे एवढाच अर्थ माहीत असलेली बाई. तिला या कर्करोगाची माहिती देण्यात आली, तपासणी कुठे मिळू शकते हेही सांगण्यात आले. पण सांगणे आणि करणे यात किती कोसांचे अंतर असते, हे एस.टी.ची वाट पाहत रस्त्यावर उभे राहिलेल्यालाच कळते.

यावर मोठा वाद झाला. पॅप तपासणीने हा कर्करोग आटोक्यात येतो हे श्रीमंत देशांना अनेक दशकांपासून ठाऊक असताना हजारो स्त्रियांना विनातपासणी का ठेवले, असा सवाल अमेरिकेतील एका डॉक्टरने उघडपणे केला. उस्मानाबाद, मुंबई आणि तामिळनाडूतील दिंडिगल अशा तिन्ही चाचण्या मिळून तपासणी न झालेल्या १ लाख ३८ हजार ६२४ स्त्रियांपैकी किमान २५४ जणी या कर्करोगाने दगावल्या, असा हिशेब त्याने मांडला. संशोधकांचे उत्तर होते की, भारतात अशी तपासणी सरकार कुणाचीच करीत नव्हते, मग आम्ही कुणाचे काय काढून घेतले? हे उत्तर आम्हाला पटत नाही. ज्या देशात गरिबाला काहीच मिळत नाही तिथे ‘काहीच न देणे’ ही नेहमीची पद्धत ठरवली, तर त्या न्यायाने सरकार जितके नालायक तितका संशोधक मोकळा! पण त्याच वेळी आम्ही हेही कबूल करतो की, ही चाचणी झाली नसती तर गरीब देशांसाठी कोणती तपासणी उपयोगाची हे कळले नसते. पॅप आणि व्हिनेगर या दोन्ही तपासण्यांनी उस्मानाबादेत मृत्यू लक्षणीय कमी झाले नाहीत. श्रीमंतांची पद्धत डोळे मिटून उचलली असती तर पैसा गेला असता आणि बायाही गेल्या असत्या.

मग चळवळीने यावर काय म्हणावे? आमच्याकडे दोन प्रतिक्रिया तयार असतात. एक, मोठ्या डॉक्टरांनी केले म्हणजे बरोबरच असेल. दुसरी, आम्हाला गिनिपिग बनवले, बंद करा हे सगळे. पहिली गुलामीची आहे हे सांगायला नको. दुसरी आमच्यासारख्या पत्रांनी अनेकदा मोठ्या अक्षरात छापली आहे आणि ती लिहिताना आमचाही हात थरथरला नाही, हे कबूल करण्यात आम्हाला कमीपणा वाटत नाही. परंतु आज आम्ही तिसरी गोष्ट मांडू इच्छितो. ही विद्या आपल्या हातात आली पाहिजे.

ही विद्या आहे तरी काय? सरकारी मराठीत तिला ‘यादृच्छिक नियंत्रित चिकित्सालयीन चाचणी’ म्हणतात. हा शब्द ज्याने घडवला त्याला आमचा सविनय जयभीम, कारण रुग्णाने काहीही न समजता सही करावी यासाठी याहून उत्तम शब्द सापडणे कठीण. अर्थ मात्र सोपा आहे. एक औषध गुणकारी आहे की नाही हे पाहायचे तर काहींना ते द्यायचे, काहींना जुने औषध द्यायचे आणि दोघांची तुलना करायची. प्रश्न असा की, कुणाला नवे आणि कुणाला जुने हे ठरवायचे कुणी? डॉक्टरांनी ठरवले तर काय होते ते आम्हाला विचारा. चांगल्या कपड्यातला, नीट बोलणारा, पुन्हा तपासणीला येण्याची खात्री असलेला रुग्ण नव्या औषधाच्या गटात जातो आणि उसवलेल्या चपलेचा माणूस दुसऱ्या गटात. मग नवे औषध गुणकारी ठरते, कारण ते मुळात धडधाकट माणसांना दिलेले असते. हे डॉक्टर लबाड असतो म्हणून होते असे नाही, माणूस माणूस असतो म्हणून होते. म्हणून निवड डॉक्टरच्या हातातून काढून घ्यायची आणि चिठ्ठीवर सोपवायची. इंग्लंडमध्ये १९४८ साली निकाल छापून आलेली क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी अशाच रीतीने बंद पाकिटे वापरून झाली आणि तेथून या पद्धतीचा पाया पक्का झाला. त्या वेळी औषध इतके तुटपुंजे होते की सगळ्यांना देणे शक्यच नव्हते.

चिठ्ठी जात विचारत नाही. पाकिटाला गोत्र नसते. अर्थात पाकीट दिव्यासमोर धरून आतला कागद वाचणारे महाभागही निघाले, म्हणून पाकीट अपारदर्शक पाहिजे, चिठ्ठी काढणारा वेगळा आणि उपचार करणारा वेगळा पाहिजे, शक्य तिथे औषध कोणते हे रुग्णालाही कळू नये आणि निकाल मोजणाऱ्यालाही कळू नये, असे नियम झाले. आणखी एक नियम आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. जो ज्या गटात चिठ्ठीने गेला तो शेवटपर्यंत त्याच गटात मोजायचा, मग त्याने औषध अर्धवट सोडलेले का असेना. ऊसतोडीला गेलेले कुटुंब सहा महिने गावात नसते. त्यांनी गोळ्या सोडल्या म्हणून त्यांना हिशेबातून वगळले तर कागदावर औषध उत्तम ठरेल आणि ऊसतोड कामगाराला ते निरुपयोगीच राहील. त्यांना धरून मोजले तर औषधाची खरी किंमत कळते. संख्याशास्त्राच्या या एका नियमात आमच्या माणसाचे अस्तित्व टिकते की पुसले जाते, हे ठरते.

तथागतांनी कालामांना जे सांगितले त्याची आठवण इथे झाल्याशिवाय राहत नाही. परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून मानू नका, पारखून घ्या, हा त्या उपदेशाचा गाभा. तथागतांनी क्लिनिकल ट्रायल शोधून काढली असा हास्यास्पद दावा आम्ही करणार नाही, तसले दावे करणारे या देशात पुष्कळ आहेत. पण ज्या समाजाने बुद्धाचा मार्ग स्वीकारला त्याला ही पद्धत परकी वाटण्याचे कारण नाही. ती परकी वाटते तर आमच्या मुलांपर्यंत कुणी पोचवलीच नाही म्हणून.

पारख न करता काय होते ते २०२० साली आपण भोगले. कोरोनात प्लाझ्मा, प्लाझ्मा म्हणून नातेवाईक शहरभर फिरत होते. कुणी मंगळसूत्र गहाण टाकले, कुणी दुचाकी विकली. त्याच वर्षी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आय.सी.एम.आर.ने, ३९ रुग्णालयांतील ४६४ रुग्णांवर चिठ्ठी पद्धतीने चाचणी घेतली. प्लाझ्मा दिलेल्यांपैकी १९ टक्के रुग्ण दगावले किंवा अत्यवस्थ झाले. न दिलेल्यांपैकी १८ टक्के. म्हणजे उपयोग शून्य. हा निकाल २०२० च्या ऑक्टोबरात छापून आला. सरकारी उपचारसूचीतून प्लाझ्मा निघाला तो २०२१ च्या मे महिन्यात, दुसरी लाट घराघरांत प्रेते टाकून जात असताना! मधल्या सात महिन्यांत किती संसार धुपले याचा हिशेब कुणी ठेवला नाही. उलट, इंग्लंडमध्ये याच पद्धतीने २०२० च्या जूनमध्ये सिद्ध झाले की डेक्सामेथासोन हे जुने आणि स्वस्त औषध व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतील मृत्यू एक तृतीयांशाने कमी करते. महागड्याचा पडदा फाडणारी आणि स्वस्ताला मान मिळवून देणारी पद्धत गरिबाच्या विरोधात कशी असेल?

आणि जिथे पारख होतच नाही तिथे काय होते? त्याच मराठवाड्यात, उस्मानाबादच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात, २०१९ साली शासनाच्या समितीने ऊसतोड करणाऱ्या ८२ हजार ३०९ स्त्रियांची पाहणी केली. त्यातील १३ हजार ८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पांढरे जाते, पोटात दुखते अशी तक्रार घेऊन गेलेल्या बाईला कॅन्सरची भीती घालायची आणि पिशवी काढायची. एका जिल्ह्यात जगाला शिकवणारे संशोधन चालते आणि शेजारच्या जिल्ह्यात त्या संशोधनाचा एक अक्षरही न पोचलेली बाई ऑपरेशन टेबलावर पडते. संशोधन झाले, त्याचे निबंध इंग्रजीत छापले गेले. बाईच्या हातात काय आले?

इथे मद्रासची गोष्ट सांगणे आम्हाला आवश्यक वाटते, कारण ती आमच्या बाजूची आहे. १९५६ साली, ज्या वर्षी बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा दिली त्याच वर्षी, मद्रासमध्ये क्षयरोगाची एक चाचणी सुरू झाली. तेव्हा क्षय म्हणजे सॅनेटोरियम, हवापालट, दूध-अंडी आणि महिनोन्‌महिने अंथरूण, अशी समजूत होती. गरिबाने काय करायचे? मरायचे. कारण रुग्ण लाखोंनी आणि खाटा मूठभर. मद्रासच्या दाटीवाटीच्या वस्त्यांतले १९३ गरीब रुग्ण घेतले, निम्म्यांना चिठ्ठीने सॅनेटोरियममध्ये ठेवले, निम्म्यांना घरीच त्याच गोळ्या दिल्या. घरी राहणाऱ्यांचा आहार निकृष्ट होता, घरे कोंदट होती. १९५९ साली निकाल आला. घरी उपचार घेणारेही जवळजवळ तितकेच बरे झाले आणि त्यांच्या घरच्यांना लागण होण्याचे प्रमाणही वाढलेले आढळले नाही. या एका निकालाने जगभर क्षयाचा उपचार सॅनेटोरियमच्या कुंपणाबाहेर आला. ‘गरिबाला बरे करता येत नाही’ हे डॉक्टरी सनातन मत चिठ्ठीने मोडून काढले.

झारखंडात २०१९ नंतर झालेली चाचणी त्याच जातीची. क्षयरुग्णांच्या घरातील १० हजारांवर माणसे घेतली. रुग्णांना सर्वांनाच शिधा दिला, आणि चिठ्ठीने ठरलेल्या निम्म्या भागांत घरच्या माणसांनाही दरमहा तांदूळ आणि तुरीची डाळ दिली. ज्या घरांत शिधा गेला तिथे घरच्यांना क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झाले. २०२३ साली हे छापून आले. पोटभर अन्न मिळाले तर क्षय हटतो, हे आमच्या आज्यांना माहीत होते. पण आजीच्या सांगण्यावर अर्थखाते पैसे सोडत नाही, आकड्यावर सोडते. २०२४ च्या नोव्हेंबरपासून क्षयरुग्णाचा पोषणभत्ता दरमहा ५०० वरून १००० रुपये झाला आणि घरच्या माणसांपर्यंत शिधा नेण्याचे धोरण ठरले. शिधा न मिळालेल्या घरांचे काय, हा प्रश्न इथेही उरतोच. तांदूळ-डाळीने भले होते की नाही याबद्दल खरोखर कुणाला शंका होती काय? आम्ही त्या संशोधकांच्या हेतूविषयी शंका घेत नाही. पण हा प्रश्न चाचणी आखताना त्या खोलीत बसून विचारणारा माणूस आमचा असायला हवा होता, निकाल छापून आल्यावर अग्रलेखात विचारणारा नव्हे.

खोलीत आपला माणूस नसला की काय होते याचा काळा अध्याय २००९-१० चा. तेव्हाच्या आंध्रातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा जिल्ह्यात सुमारे २४ हजार मुलींना एचपीव्ही लस टोचण्यात आली. एका अमेरिकी संस्थेचा हा प्रकल्प आणि सोबत आय.सी.एम.आर. मुली १० ते १४ वर्षांच्या, त्यातील अनेक आदिवासी, वसतिगृहात राहणाऱ्या. संसदेच्या स्थायी समितीने २०१३ साली आपल्या ७२ व्या अहवालात काय नोंदले? आंध्रातील ९ हजार ५४३ संमतीपत्रांपैकी २ हजार ७६३ वर वसतिगृहाच्या वॉर्डनांनी सह्या केल्या होत्या आणि १ हजार ९४८ वर अंगठे होते. आईबापांना पत्ता नाही आणि वॉर्डन पालक झाला! सात मुली दगावल्या. ते मृत्यू लसीमुळे झाल्याचे दिसत नाही, असे चौकशी समितीने म्हटले. आम्ही ते नाकारण्याचा आग्रह धरत नाही. पण त्रास झालाच तर तो नोंदवण्याची धड व्यवस्था नसताना कुणी कशाच्या आधारावर काय म्हणावे? आणि मौज अशी की, ही ‘चाचणी’ नव्हेच, हा तर ‘प्रात्यक्षिक प्रकल्प’, असा बचाव पुढे आला. नाव बदलले की नियम लागू नाहीत! ट्रायल कशाला म्हणायचे आणि कशाला नाही याची विद्या ज्यांच्याकडे असते त्यांनाच ही पळवाट दिसते. ज्यांच्याकडे नसते त्यांच्या मुलींच्या दंडात सुई जाते.

या प्रकरणाचा दुसरा भाग फार थोड्यांना माहीत आहे. त्याच वेळी याच लसीची एक खरीखुरी चिठ्ठी पद्धतीची चाचणी देशात नऊ ठिकाणी चालू होती. त्यात बार्शी आणि पुणेही होते. दोन डोस पुरेसे की तीन लागतात, हे पाहायचे होते. खम्ममचा गवगवा झाला आणि २०१० च्या एप्रिलमध्ये सरकारने सगळेच थांबवले. परिणामी ४ हजार ९५० मुलींना एकच डोस मिळाला, पुढचे राहून गेले. चिठ्ठीची रचना मोडली. संशोधकांनी त्या मुलींवर लक्ष ठेवणे मात्र सोडले नाही आणि दहा वर्षांनी दिसले की एका डोसनेही चांगले संरक्षण मिळते. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने मुलींसाठी एक किंवा दोन डोस चालतील असे सांगितले, त्यामागे जे पुरावे होते त्यात या आमच्या मुलींचा वाटा आहे. एका ठिकाणी वॉर्डनने केलेल्या सह्यांनी दुसऱ्या ठिकाणचे नीट चाललेले संशोधन बुडवले, हे प्रशिक्षणाच्या अभावाचे मोल. त्यातून काही हाती लागले तो नशिबाचा भाग. लसीबद्दल आमच्या मनात किंतु नाही, हेही स्पष्ट करतो. ती आमच्या लेकींना मिळालीच पाहिजे.

अमेरिकेत टस्कगी येथे १९३२ पासून चाळीस वर्षे काळ्या माणसांचा उपदंश उपचाराविना नुसता पाहत बसण्याचा प्रकार झाला. पेनिसिलिन आले तरी त्यांना ते दिले नाही. १९७२ साली तो उघडकीस आला. त्याच साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. त्यांच्याकडे त्या पापातून कायदा झाला, १९७९ साली बेलमाँट अहवाल आला, आणि आज जगभरचे संशोधक तो अभ्यासतात. आमच्याकडे काय झाले? इंदूर, भोपाळ येथील चाचण्यांवरून सर्वोच्च न्यायालयात लढा झाला, २०१३ साली संमतीचे चित्रीकरण करण्याचा नियम आला, २०१९ साली नवे नियम आले. कायदा कागदावर वाईट नाही. प्रत्येक चाचणीला नीतिसमितीची मान्यता हवी, समितीत किमान सात सदस्य हवेत, निम्मे तरी संस्थेबाहेरचे हवेत, एक स्त्री, एक कायदा जाणणारा आणि एक सामान्य माणूस हवा. ‘सामान्य माणूस’! नियमातला हा एक शब्द आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो. ती खुर्ची आमची आहे. आज तिच्यावर कोण बसते? बहुधा अधिष्ठात्यांच्या ओळखीचे एखादे निवृत्त प्राध्यापक किंवा क्लबात भेटणारे सद्गृहस्थ.

परवा एका तालुक्यातील आमची एक कार्यकर्ती, व्यवसायाने परिचारिका, एक संमतीपत्रक घेऊन आली. अकरा पाने. वरचे इंग्रजी तसेच मराठीत ओतलेले. ती म्हणाली, दादा, मला सह्या घ्यायला सांगितल्यात, पण बाईने विचारले की चिठ्ठीत दुसरे औषध निघाले तर काय, तर मी काय सांगू? साहेबांना विचारले तर म्हणाले, तू फक्त सही घे. तिचा दोष नाही. मुंबईच्या वस्त्यांत टाटाने दीड लाख स्त्रियांची चाचणी केली तेव्हा व्हिनेगरची तपासणी करणाऱ्या कोण होत्या? दहावी शिकलेल्या स्थानिक स्त्रिया, चार आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेल्या. त्यांच्या हातांनी त्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. दहावी शिकलेली बाई चार आठवड्यांत गर्भाशयमुखावरचा डाग ओळखायला शिकते, तर ती चिठ्ठी का टाकतात, नकार देण्याचा हक्क काय, त्रास झाल्यास चोवीस तासांत कुणाला कळवायचे, हे शिकू शकत नाही काय? शिकवतच नाहीत. तिच्याकडून हात घेतात, डोके घेत नाहीत. ही कामाची विभागणी नव्हे, ही तर काम करणाऱ्यांचीच विभागणी. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला हेच म्हटले होते.

पदव्युत्तर वैद्यकीय विद्यार्थ्यांना संशोधनपद्धतीचा अभ्यासक्रम आता सक्तीचा झाला आहे. चेन्नईची संस्था तो ऑनलाइन शिकवते, परीक्षा होते, प्रमाणपत्र मिळते. चांगले झाले. पण तो इंग्रजीत आहे आणि डॉक्टरांपुरता आहे. आश्रमशाळेतून आलेला आमचा मुलगा एम.डी.ला पोचतो तेव्हा त्याला प्रबंधाचा विषय मार्गदर्शक देतात, नमुन्याची संख्या कुणीतरी काढून देते आणि तो दोन वर्षे आकडे भरतो. बक्षी कमी पडतो, निबंधावर नाव मागे पडते. चांगला मार्गदर्शक कुणाला मिळतो आणि कुणाला नाही, हे आरक्षणाच्या जागेवर आलेल्या कोणत्याही विद्यार्थ्याला एकांतात विचारा.

बाबासाहेब साऊथबरो समितीपुढे १९१९ साली गेले ते आकडे घेऊन गेले होते. रुपयाच्या प्रश्नावर त्यांनी लंडनमधून डी.एस्सी. मिळवली ती आकड्यांच्याच बळावर. त्यांच्या नावाने पुण्यात बार्टी चालते. तेथील अधिछात्रवृत्तीसाठी आमच्या मुलांनी किती उपोषणे केली ते सर्वांना माहीत आहे, आणि त्या लढ्यात आम्ही त्यांच्या बाजूने उभे होतो. पण त्या प्रबंधांत साहित्य, इतिहास, समाजशास्त्र यांची गर्दी आणि आरोग्यसंशोधन, जीवसंख्याशास्त्र यांचा दुष्काळ, हे आम्ही आपल्याच मुलांना सांगितले पाहिजे. बार्टीने नाशिकच्या आरोग्यविज्ञान विद्यापीठाला सोबत घेऊन मराठीत अभ्यासक्रम काढावा. डॉक्टरांसाठी वेगळा, परिचारिका आणि आशाताईंसाठी वेगळा, आणि नीतिसमितीवर बसू इच्छिणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी वेगळा. शिकवायला खम्ममची संमतीपत्रे ठेवा, मद्रासची चाचणी ठेवा, उस्मानाबादची ठेवा, आणि ते ६४ मृत्यू टाळता आले असते काय यावर दोन दिवस भांडू द्या. पैसा नाही म्हणू नका. अनुसूचित जाती उपयोजनेचा पैसा दरवर्षी कुठे वळतो ते आम्ही याच स्तंभात वेळोवेळी लिहिले आहे.

येत्या अधिवेशनात आपल्या आमदारांनी एक प्रश्न लेखी विचारावा. राज्यातील प्रत्येक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या नीतिसमितीत ‘सामान्य माणूस’ म्हणून कोण बसले आहे, त्यातील किती जण अनुसूचित जाती-जमातींचे आहेत, त्यांच्यापैकी किती जणांना चाचणी कशी असते याचे प्रशिक्षण दिले आहे आणि त्यांच्यापुढे येणारे संमतीपत्रक मराठीत असते काय? उत्तर महाविद्यालयवार मागावे. ‘माहिती संकलित करण्यात येत आहे’ हे उत्तर स्वीकारू नये.